अठ्ठेचाळीस तासांचा प्रश्न

पावसाची झड बसली की पुण्यामुंबईच्या घराघरांतून खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात, आणि त्या आवाजांच्या पाठोपाठ एक प्रश्न डॉक्टरांच्या दवाखान्यात येऊन बसतो. "ती फ्लूची गोळी सुरू करायची का?" महाराष्ट्रात इन्फ्ल्युएन्झाचा जोर एकदा पावसाळ्यात आणि पुन्हा वर्षारंभीच्या थंडीत वाढतो, म्हणजे हा प्रश्नही वर्षातून दोनदा येतो. त्याची उत्तरे आपल्या समाजात दोन आहेत, आणि ती दोन्ही डॉक्टरांचे तोंड उघडण्यापूर्वीच ठरलेली असतात. एक घर म्हणते, विषाची परीक्षा कशाला घ्या, गोळी देऊन टाका. त्याच जिन्यावरचे दुसरे घर म्हणते, हा 'व्हायरल' आहे, तीन दिवसांत उतरेल, उगाच औषधे कशाला? खेदाची गोष्ट ही की गोळी मागणाऱ्या घरात बहुधा धडधाकट तरुण आजारी असतो, आणि थांबून पाहणाऱ्या घरात सहा महिन्यांची गर्भवती सून किंवा मधुमेहाने पोखरलेले सत्तरीचे आजोबा. औषध ज्याला नको त्याच्या पोटात जाते आणि ज्याला हवे त्याच्यापर्यंत ते पाचव्या दिवशी पोहोचते. ही उलटापालट कशी होते आणि ती थांबवावयाची कशी, हा आजच्या अग्रलेखाचा विषय आहे.

या रोगाची भीती महाराष्ट्राला नवी नाही. १९१८ साली मुंबई बंदरात उतरलेल्या साथीला आपल्या आजेपणज्यांनी 'मानमोडी' असे नाव दिले होते. त्या नावातच तिचे सारे वर्णन आले. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली आणि डॉक्टरांच्या हाती तेव्हा शुश्रूषेखेरीज काहीही नव्हते. २००९ साली निराळ्या विषाणूची साथ आली तेव्हा हाती औषध होते. तरीही ३ ऑगस्ट २००९ रोजी त्या साथीतील देशातला पहिला बळी पुण्यातच गेला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतरचे दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. शाळा बंद, चित्रपटगृहे बंद, तोंडावर रुमाल, खिशात कापराची पुरचुंडी, आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगा. त्या रांगांत ज्यांना काहीच झालेले नव्हते अशी माणसे शेकड्यांनी होती, आणि ज्यांना खरोखरच श्वास पुरत नव्हता ती त्यांच्याच मागे उभी होती. प्रश्नाचे खरे स्वरूप त्या रांगेतच दिसले होते. पुढे २०१५ मध्ये देशात स्वाइन फ्लूचे बेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील जवळजवळ तीन हजार दगावले. २०१७ मध्ये पुन्हा दोन हजारांहून अधिक गेले. ज्याला आपण आता 'नेहमीचा फ्लू' म्हणून हिणवतो त्यात २००९ चा तो विषाणू आहेच. तो आला आणि राहिला.

औषधाविषयी प्रथम काही स्पष्ट बोलले पाहिजे. ओसेल्टामिविर हे त्याचे नाव. 'टॅमिफ्लू' या व्यापारी नावाने ते अधिक ओळखले जाते. आपल्या मसाल्याच्या डब्यातले चक्रीफूल ज्या आम्लासाठी औषधकारखान्यांनी टनावारी विकत घेतले, त्यापासून ते प्रथम बनविले गेले. (यावरून कोणी चक्रीफुलाचा काढा करून पिऊ लागेल, तर त्याच्या हाती सुवासिक पाण्यापलीकडे काही लागणार नाही.) फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, तिथे आपल्या हजारो प्रती काढतो आणि मग त्या प्रती पेशीच्या पृष्ठभागापासून सुट्या करण्यासाठी एका विकराचा कात्रीसारखा उपयोग करतो. हे औषध ती कात्री बोथट करते. प्रती निघतात, पण सुटत नाहीत. यावरून दोन गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. पहिली अशी की जे विषाणू आधीच पसरले आणि ज्यांनी फुप्फुसाची हानी केली, ती हानी हे औषध भरून काढू शकत नाही. दुसरी अशी की विषाणूंची वाढ पहिल्या दोनतीन दिवसांत शिगेला पोहोचत असल्यामुळे औषधाचा खरा उपयोग त्याच दिवसांत आहे. अठ्ठेचाळीस तासांची जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते तिचे मूळ येथे आहे.

धडधाकट माणसाला या औषधाने मिळते तरी काय? २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी, औषध बनविणाऱ्या रोश कंपनीशी अनेक वर्षे झगडून मिळविलेले प्रयोगांचे मूळ अहवाल तपासून त्याचा हिशेब मांडला. सात दिवसांचे दुखणे सुमारे सव्वासहा दिवसांवर येते. त्याच्या मोबदल्यात काहींना मळमळते, काहींना उलट्या होतात. रुग्णालयात जाण्याची पाळी टळते, असे त्या प्रयोगांतून सिद्ध झाले नाही. ब्रिटनच्या सरकारने या गोळ्यांच्या साठ्यावर ४२ कोटी ४० लाख पौंड खर्चलेले असल्यामुळे तिकडे मोठाच गदारोळ झाला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या औषधाला मुख्य भागातून काढून पूरक भागात बसविले. इतके झाल्यावर शहाण्यासुरत्या लोकांनी निष्कर्ष काढला की औषधच फोल आहे. आमच्या मते हा निष्कर्ष पहिल्या अंधश्रद्धेइतकाच घाईचा आहे. ज्या प्रयोगांवर तो आधारलेला आहे त्यांतील बहुसंख्य माणसे मुळात सशक्त होती आणि घरीच बरी होणारी होती. जे मरणारच नव्हते त्यांचे मरण औषधाने टळले का, या प्रश्नाला उत्तर कोठून मिळणार?

जे खरोखर मृत्यूच्या दारात होते त्यांची माहिती निराळीकडून घ्यावी लागते. २००९ च्या साथीत अडतीस देशांतील रुग्णालयांत दाखल झालेल्या एकोणतीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१४ मध्येच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात मृत्यूचा संभव, उशिरा औषध मिळालेल्यांच्या तुलनेत जवळजवळ निम्मा होता. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे, नोंदींवरून काढलेले अनुमान आहे, आणि अशा अनुमानांत चुकीला जागा असते हे आम्ही जाणतो. पण मरणोन्मुख रुग्णांपैकी निम्म्यांना साखरेची गोळी देऊन पाहण्याचे धैर्य कोणत्या डॉक्टरला होईल? २०२० मध्ये युरोपातील दवाखान्यांतून झालेल्या मोठ्या प्रयोगानेही हाच कल दाखविला. सर्वसाधारण रुग्ण या औषधाने सरासरी एक दिवस लवकर बरा झाला, परंतु वयस्क, अधिक आजारी आणि आधीचे दुखणे असलेले रुग्ण दोनतीन दिवस लवकर उठले. औषध तेच, पण ते कोणाच्या पोटात जाते यावर त्याचे मोल ठरते.

तेव्हा प्रश्न "फ्लूला औषध द्यावे का" असा विचारणेच चूक आहे. तो "या माणसाला आज द्यावे का" असा विचारला पाहिजे. आश्चर्य हे की आपल्या सरकारने तो २००९ मध्येच अगदी याच स्वरूपात विचारून त्याचे उत्तरही लिहून ठेवलेले आहे. थोडा ताप, घसा, खोकला, अंगदुखी एवढ्यावर थांबलेला रुग्ण 'अ' वर्गात. त्याला ना चाचणी, ना ओसेल्टामिविर, फक्त विश्रांती, पातळ पदार्थ, पॅरासिटामॉल आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाहणे. ज्याचा ताप व घसादुखी तीव्र आहे तो 'ब' वर्गात, आणि त्याच वर्गात, पण अधिक निकडीने, जोखमीची माणसे : पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, पासष्टीपुढील वृद्ध, दमा वा फुप्फुसाचा जुना विकार असलेले, हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे रोगी, मधुमेही, कर्करोगाचे रुग्ण, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे. यांना चाचणीची वाट न पाहता औषध सुरू करावयाचे. आणि ज्याला धाप लागते, छातीत दुखते, थुंकीतून रक्त पडते, जो गुंगीत जातो, ज्याची नखे निळसर दिसू लागतात, जे मूल खाणेपिणे सोडते, तो 'क' वर्ग. त्याला ताबडतोब रुग्णालयात नेऊन चाचणी आणि उपचार एकदमच सुरू करावयाचे. सरकारी कागदाबद्दल चांगले बोलण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचितच येतो, पण हा कागद चांगला आहे. त्याचा दोष एवढाच की तो कचेऱ्यांच्या फायलींत जितका वाचला गेला तितका घराच्या ओटीवर वाचला गेला नाही.

गर्भवतींविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण आपल्या सुशिक्षित घरांत सर्वांत जास्त चूक येथे होते. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी येते. तिला ताप भरतो. घरातील सर्वांचे एका गोष्टीवर एकमत असते : पोटात बाळ आहे, शक्य तो औषध नको. आई आल्याचा काढा करते, मावशी वाफ देते, आणि दोन दिवस या प्रेमात निघून जातात. वास्तविक गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत वाढलेले गर्भाशय फुप्फुसांना वर रेटत असते, हृदयावरचा भार वाढलेला असतो, आणि शरीराची प्रतिकाराची रीतही बदललेली असते. १९१८ मध्ये आणि २००९ मध्येही गर्भवतींचे प्रमाण मृतांत डोळ्यांत भरण्याइतके होते. त्यांच्यासाठी ओसेल्टामिविर हेच सुचविलेले औषध आहे. गर्भाला त्यापासून अपाय होत असल्याचा पुरावा आजवरच्या अनुभवात आढळलेला नाही, आणि आईचा तीव्र ताप व अपुरा श्वास यांपासून गर्भाला होणारा अपाय मात्र सर्वज्ञात आहे. बाळासाठी म्हणून जे औषध टाळले जाते ते बाळासाठीच घ्यावयास हवे असते. बाळंतपणानंतरचे दोन आठवडेही याच हिशेबात धरावेत.

आता चाचणीविषयी. आपल्या मध्यमवर्गाची रिपोर्टवर अपार श्रद्धा आहे. घशातून कापूस फिरवून घेतला, पैसे भरले, की छापील कागद हाती येईपर्यंत काही करावयाचे नाही, अशी एक समजूत रूढ झाली आहे, आणि काही डॉक्टरही आपली जबाबदारी त्या कागदावर ढकलून मोकळे होतात. विषाणूच्या जनुकांची प्रयोगशाळेतील तपासणी भरवशाची आहे, पण तिला वेळ लागतो. पंधरावीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या झटपट चाचण्यांना खरा फ्लू असलेले पुष्कळ रुग्ण सापडतच नाहीत. साथ भरात असताना अशा चाचणीने 'नाही' म्हटले म्हणून फ्लू नाही असे समजणे धोक्याचे आहे. शनिवारी ताप आला, सोमवारी नमुना दिला, बुधवारी रिपोर्ट आला : या वेळापत्रकात औषधाचा हंगाम संपून जातो. दोन दिवसांच्या गोळ्या वाया गेल्या तर फारसे नुकसान नाही, दोन दिवस वाया गेले तर ते परत आणता येत नाहीत. जोखमीच्या रुग्णाला संशयावर औषध सुरू करावे आणि रिपोर्ट आल्यावर हवे तर थांबवावे, हाच क्रम योग्य होय.

मात्र अठ्ठेचाळीस तास उलटले म्हणजे दार बंद झाले, असाही अर्थ कोणी करू नये. रुग्णालयात दाखल करण्याइतका जो आजारी आहे त्याच्या शरीरात विषाणूंची वाढ अधिक काळ चालू राहते, म्हणून तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही त्याला औषध द्यावे असेच सांगितले जाते. उशीर झाला ही गोष्ट आणखी उशीर करण्याचे कारण होऊ शकत नाही.

ज्यांना कोणतीच जोखीम नाही त्यांनीही निर्धास्त व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. २००९ मध्ये दगावलेल्यांत पूर्वी कोणताही विकार नसलेली तरुण माणसे होती. म्हणूनच 'अ' वर्गाला औषध नसले तरी देखरेख आहे. तिसऱ्या दिवसानंतर ताप उतरण्याऐवजी वाढला, चार पावले चालून दम लागू लागला, किंवा ताप एकदा उतरून, माणूस उठूनबसून, दोन दिवसांनी पुन्हा हुडहुडी भरून आली, तर तो फ्लू राहिलेला नसतो. फ्लूने मोकळ्या केलेल्या वाटेने जिवाणू फुप्फुसात शिरलेले असण्याचा तो संभव असतो. तेव्हा प्रतिजैविके लागतात, आणि नेमकी तेव्हा ती पुष्कळदा पुरेशी लागू पडत नाहीत, कारण पहिल्याच दिवशी, विषाणूवर काडीचा परिणाम न करणारी अॅझिथ्रोमायसिनची पट्टी दुकानदाराकडून आणून आपण ती संपविलेली असते. हाच न्याय मुलांना अॅस्पिरिन देण्याला लावला पाहिजे. फ्लूच्या तापात मुलाला अॅस्पिरिन दिल्यास क्वचित का होईना यकृत व मेंदू यांना घातक असा विकार होतो, हे सर्व डॉक्टरांना माहीत आहे, पण घरातल्या डब्यात जुनी पाकिटे असतात.

औषधाच्या अतिवापराने विषाणू निर्ढावतो, म्हणून ते जपून वापरावे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही, परंतु इतिहास त्याहून चमत्कारिक आहे. २००७-०८ च्या हिवाळ्यात फ्लूच्या एका जातीत ओसेल्टामिविरला न जुमानणारे विषाणू मोठ्या प्रमाणावर प्रथम लक्षात आले ते नॉर्वेत, जिथे हे औषध फारसे वापरलेच जात नव्हते. वर्षभरात ती जात जगभर पसरली, आणि २००९ च्या नव्या विषाणूने, जो औषधाला बधत होता, तिला बाजूला सारले. निसर्गाने केलेला बिघाड निसर्गानेच दुरुस्त केला. दर वेळी तो इतका उदार होईल यावर मात्र भिस्त ठेवता येत नाही. या औषधाच्या विक्रीवर आपल्याकडे प्रथम फार कडक निर्बंध होते. २००९ च्या साथीत ते आरंभी सरकारी रुग्णालयांतूनच मिळे, नंतर विशेष परवान्याच्या मोजक्या दुकानांतून. २०१७ मध्ये ते 'एच-१' अनुसूचीत आले, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून, नोंदवहीत नाव लिहून ते घेता येते. हा मध्यममार्ग आम्हाला मान्य आहे. चिठ्ठीवाचून ते विकणारा दुकानदार आणि 'घरात असू द्या' म्हणून दोन पाकिटांची चिठ्ठी मागणारा गिऱ्हाईक, दोघेही तो मोडत असतात.

तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते लपविण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शिका काढली. तीत गंभीर रुग्णांसाठी ओसेल्टामिविर सुचविले, पण पुरावा कमकुवत असल्याचे सांगूनच. ज्यांचा आजार सौम्य आणि जोखीमही कमी, त्यांना कोणतेच विषाणुरोधक देऊ नये असे म्हटले. आणि ज्यांचा आजार अद्याप सौम्य पण जोखीम मोठी, त्यांच्यासाठी ओसेल्टामिविर बाजूला ठेवून एकाच मात्रेचे बालॉक्झाविर पुढे केले. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र मात्र याच मधल्या गटाला ओसेल्टामिविर लवकरात लवकर द्या असे सांगत आले आहे. बालॉक्झाविर गर्भवतींना देऊ नये, असेही तेच केंद्र सांगते. म्हणजे दोन्ही टोकांना एकमत आहे, मतभेद मधल्या गटाबद्दल आहे. आम्हाला वाटते, आपल्या शहरांतील वस्तुस्थिती पाहता मधल्या गटाला वाट पाहावयास लावणे परवडणारे नाही. ज्या देशात श्वास अडखळू लागताच रुग्णवाहिका दारात येते तेथे एक दिवस थांबून पाहता येते. आपल्याकडे चौथ्या मजल्यावरून आजोबांना खुर्चीत बसवून खाली आणावयाचे, मग कोणत्या रुग्णालयात खाट आहे याचे फोन करावयाचे, यात तो दिवस गेलेला असतो.

आणि हे सारे ज्याला घरचा डॉक्टर आहे त्याच्याविषयी झाले. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला ताप आला तर तिचे अठ्ठेचाळीस तास कोठे जातात? पहिला दिवस खाडा पडू नये म्हणून कामावर, दुसरा दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या चार रंगीत गोळ्यांवर, तिसऱ्या दिवशी महापालिकेचा दवाखाना, आणि तोही सकाळच्या वेळातच उघडा सापडला तर. तिला दमा असेल, ती गर्भवती असेल, तर वर्गवारीचा तो चांगला कागद तिच्या काय कामाचा? जून ते सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आणि प्रसूतिगृहात ओसेल्टामिविरचा साठा, मुलांसाठी लागणाऱ्या कमी मात्रेसह, असलाच पाहिजे. तो मध्यवर्ती भांडारात आहे हे उत्तर चालणार नाही. गर्भवती आणि जोखमीचे रुग्ण यांना रांगेतून पुढे घेण्याचा अधिकार दारावरच्या परिचारिकेला लेखी दिला पाहिजे. शहराच्या प्रत्येक भागात निदान एक दवाखाना या महिन्यांत रात्री नऊपर्यंत आणि रविवारीही उघडा राहिला पाहिजे. खाजगी डॉक्टरांच्या संघटनांनी ती वर्गवारी मराठीत छापून आपापल्या प्रतीक्षागृहात लावावी, त्याला सरकारची परवानगी लागत नाही. आरोग्य खात्याचे अधिकारी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तयारीची बैठक घेतात आणि साठा पुरेसा असल्याचे निवेदन काढतात. यंदाच्या निवेदनात तो साठा कोणत्या दवाखान्यात किती आणि तो दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा, एवढे दोन रकाने अधिक असावेत.